गोल्फचें मैदान आणि क्लबाचें दार

विद्यार्थीमित्रहो, विटीदांडू तुम्हांस नवा नाहीं. नेमका टोला बसून विटी दूर गेली म्हणजे होणारा आनंद तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. गोल्फ हाही टोल्यांचाच खेळ होय. काठीनें लहानसा कठीण चेंडू मारीत मारीत दूरच्या सव्वाचार इंच रुंद खळग्यांत न्यावयाचा. असे अठरा खळगे सर्वांत कमी टोल्यांत जो पुरे करील तो विजयी.

खेळ इतका साधा. परंतु त्यास विस्तीर्ण हिरवळ लागते. पाऊस बेताचा असलेल्या आपल्या दुधनीच्या मुलखांत अशी हिरवळ राखणें किती कठीण, हें शेतकऱ्यांच्या मुलांस सांगणें नलगे. हा खर्च एकट्यास झेपत नाहीं. म्हणून कांहीं मंडळी वर्गणी काढून क्लब स्थापितात, आणि आंत कोणास घ्यावें हेंही तींच ठरवितात. या दाराचाच इतिहास आपणांस पाहावयाचा आहे.

गोल्फ मूळचा स्कॉटलंडचा. लोक धनुर्विद्येचा सराव टाकून त्याच्या नादीं लागले, म्हणून १४५७ सालीं तेथील पार्लमेंटानें त्यावर बंदी घातली होती! हिंदुस्थानांत तो इंग्रजांबरोबर आला. १८२९ मध्यें कलकत्त्यास व १८४२ मध्यें मुंबईस गोल्फ क्लब निघाले. त्या काळच्या अनेक युरोपियन क्लबांत हिंदी मनुष्य कितीही विद्वान किंवा धनवान असला तरी सभासद होऊं शकत नसे. आंत त्याला जागा होती ती खानसाम्याची, माळ्याची, किंवा खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडीची.

या प्रघातास मुंबईंत धक्का दिला तो विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लबानें. लॉर्ड विलिंग्डन हे १९१३ ते १९१८ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्या एका हिंदी मित्रास एका क्लबाच्या दारांतच अडविण्यांत आलें व त्या उद्वेगानें त्यांनीं नवा क्लब काढला, अशी आख्यायिका आहे. तपशील कसाही असो, १९१८ सालीं ताडदेवास हिंदी व युरोपियन या दोघांनाही सभासद होतां येईल असा क्लब उभा राहिला. अठरा खळग्यांचें त्याचें गोल्फचें मैदान आजही भर शहरांत हिरवें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हेच विलिंग्डन पुढें व्हाइसरॉय झाले, आणि १९३२ सालीं त्यांच्याच सरकारनें महात्मा गांधींस तुरुंगांत टाकलें. मैदानावर हिंदी माणसास बरोबरीचा मानणें सोपें, राज्यकारभारांत मानणें अवघड, हेंच यावरून दिसतें.

परंतु दोष केवळ इंग्रजांचा होता काय? पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यांत खेळपट्टीची निगा राखणारे बाळू पालवणकर हे क्रिकेटचे थोर गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. तथापि पुण्यास त्यांच्या उमेदीच्या काळांत, ते तथाकथित अस्पृश्य जातीचे म्हणून, चहाच्या वेळीं त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यांत चहा देण्यांत येई. आणि तो देणारे त्यांच्याच हिंदु संघांतले होते! चेंडू सर्वांनीं शिवावा, पेला मात्र वेगळा, हाही एक दरवाजाच नव्हे काय?

आज गोल्फ क्लबाच्या दारावर वर्ण किंवा जात विचारीत नाहींत; पण प्रवेशाची रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेर असते. तरीही गुण अनपेक्षित वाटेनें आंत शिरतो. दिल्ली गोल्फ क्लबांत कॅडीचें काम करीत खेळ शिकलेले अली शेर यांनीं १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकली. धंदेवाईक हिंदी खेळाडूंत हा मान प्रथम त्यांनींच मिळविला. इतरांच्या काठ्या वाहतां वाहतां त्यांनीं प्रत्येक टोला डोळसपणें पाहिला होता.

मुलांनो, मधल्या सुटींत तुम्हीही गडी निवडतां, म्हणजे तुमचाही एक लहानसा क्लबच असतो. नवा आलेला, वेगळी बोली बोलणारा किंवा फाटक्या सदऱ्याचा मुलगा कडेला उभा राहून पाहत असतो. त्याला आंत बोलवावयास वर्गणी लागत नाहीं. पालकांनींही एवढेंच करावें, कीं मुलगा कोणाबरोबर खेळला हें विचारतांना त्या दुसऱ्याची जात किंवा ऐपत विचारूं नये.