मैदान बंद असेल, तर सगळ्यांनाच

अगं माय, काल रात्री फोनवर तू रडत रडत सांगितलंस ते सगळं मी नीट ऐकलं. तेव्हा फार बोलले नाही, कारण तुझ्या शेजारी आई बसली होती आणि तिच्यासमोर हा विषय ‘जाऊ दे, खेळच तर आहे’ यावर संपला असता. तो तिथं संपावा असं मला वाटत नाही. म्हणून हे लिहितेय. जेवणखाण झालं की सावकाश वाच.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. जिल्ह्याच्या खो-खोसाठी तुम्ही वाटूरहून आदल्या संध्याकाळीच पोचलात. मैदानाभोवती दोरी बांधलेली. ‘उद्या सामने आहेत, सरावाला कुणी आत जायचं नाही, नियम सगळ्यांना सारखा.’ तुम्ही रस्त्याकडेच्या जागेत पळून अंग मोकळं केलं. सकाळी गाठ पडली ती यजमान शाळेशी. त्या मुली वर्षभर त्याच मैदानावर खेळतात, आदल्या दुपारीही तिथंच खेळत होत्या. तुम्ही हरलात. परतताना गाडीत सर म्हणाले, नियम तर सारखाच होता ना, मग तक्रार कशाची?

सरांचं बोलणं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे.

आधी त्यांच्या बाजूचं सांगते. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान बंद ठेवण्याला कारण असतं. रोलर फिरवून, पाणी मारून, फक्कीनं आखून ठेवलेल्या मैदानावर आठ-दहा संघ संध्याकाळभर धावले, तर खांबाजवळ टाचांनी खड्डे पडतात. दुसऱ्या दिवशी तिथंच कुणाचा तरी घोटा मुरगळतो. क्रिकेटच्या कायद्यात तर २६ वा नियम याचसाठी आहे: सामन्याच्या दिवशी खेळपट्टीवर कुणीही सराव करायचा नाही. ‘कुणीही’ म्हटलं की त्यात यजमानही आला. दोरी बांधणाऱ्या माणसावर राग धरू नकोस, त्यानं मैदान जपलं. त्या मुलींवर तर मुळीच धरू नकोस. आपल्या शाळेचं मैदान वापरलं, यात त्यांचा काय दोष?

आता तुझी बाजू. ती मला जास्त खरी वाटते.

खांबाचंच बघ. उंची १२० ते १२५ सेंटिमीटर, जाडी ९ ते १० सेंटिमीटर, हे माप सगळीकडे एकच. पण एखादा खांब नुकताच रंगवलेला, गुळगुळीत असतो, तर एखादा जुना, हाताला खरखरीत. एक काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेला, दुसरा नुसता मातीत पुरलेला, जोरात धरला की बोटभर डुलतो. धावत येऊन पंजा घालून वळायचं आणि त्याच झोकात समोरच्या मुलीला गाठायचं, एवढ्या वेळात तो बोटभर डुलला तरी तुझं पाऊल अर्ध्या वितीनं पुढं पडतं आणि ती निसटते. मातीचंही तसंच. आपली काळी माती पावसात बुटाला चिकटते, मुरूम टाकलेल्या मैदानावर पाय घसरतो. सूर मारायचा की नाही, हे अंग आधी जमिनीला विचारतं. यजमान मुलींना त्याचं उत्तर महिनोन् महिने पाठ असतं. तुला ते सामना सुरू झाल्यावर, गडी बाद होत असताना शोधावं लागतं.

म्हणजे त्या दोरीनं तुमचा सगळा सराव अडवला आणि त्यांचा एका संध्याकाळचा. नियम एकच, पण वजन एकीकडेच पडलं.

हा वाद तुझा एकटीचा नाही. अमेरिकेत गळ टाकून बास नावाचा मासा पकडण्याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. कुणाला किती आधी पाण्यावर जाऊ द्यायचं, यावर तिथं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. रे स्कॉट या माणसानं १९७१ मध्ये पहिली बासमास्टर क्लासिक स्पर्धा भरवली, तेव्हा त्यानं वेगळाच उपाय केला. २४ स्पर्धकांना विमानात बसवलं आणि विमान आकाशात गेल्यावर सांगितलं की आपण नेवाडातल्या लेक मीड जलाशयावर चाललोय. आधी कुणाला ठाऊकच नाही, तर सराव कोण करणार? अर्कान्सासचा बॉबी मरे ती स्पर्धा जिंकला. पुढं जागा आधी जाहीर होऊ लागल्या. मग ठरलं की स्पर्धेआधी काही काळ ते पाणी स्पर्धकांना बंद, नंतर सरावाचे ठरलेले दिवस सगळ्यांना सारखे, आणि स्थानिकांकडून माशांच्या जागांची माहिती काढण्यावरही बंधन.

तरी एक प्रश्न उरतोच. आपल्याकडं परतूर-सेलूच्या पट्ट्यात निम्न दुधनेच्या जलाशयावर जाळी टाकणाऱ्या भोयाला महिनाभर पाण्याकडं फिरकू नको म्हटलं, तर तो काय विसरेल? खोल डोह कुठं, जुन्या ओढ्याचं पात्र कुठून जातं, रोहू कुठल्या वाऱ्याला काठाशी येतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. बंदीनं नवा सराव थांबतो, जुनी ओळख तशीच राहते. म्हणून नुसती बंदी माझ्या मते कधीच पुरेशी नसते. बंदीनंतर सगळ्यांसाठी सारखं उघडणं असलंच पाहिजे, आणि गळाच्या स्पर्धांमधला नियम मला पटतो तो त्या सारख्या दिवसांमुळे. घोडेस्वारांच्या अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेतही हेच बघायला मिळतं. घोड्याला मार्ग आधी दाखवत नाहीत, पण स्वाराला सगळा मार्ग पायी चालून, पावलं मोजून बघू देतात.

दुसरा उपाय त्रयस्थ मैदानाचा. २०१६-१७ च्या हंगामात रणजी करंडकाचे सामने याच विचारानं त्रयस्थ ठिकाणी खेळवले, म्हणजे यजमानाला आपल्या सोयीची खेळपट्टी बनवायला वावच राहू नये. पुढच्या हंगामात ते बंद केलं. दुसऱ्याच दोन गावांचा सामना बघायला स्वतःचं गाव सोडून कोण येणार? शालेय स्पर्धांत तर हे अवघडच, कारण मैदान देणारी, पाण्याची आणि मुलींच्या मुक्कामाची सोय करणारी शाळा हवी असते, आणि अशी शाळा बहुधा स्वतःचा संघही उतरवते. पण लीगमध्ये एक सामना तुमच्या गावी, एक आमच्या, असा फेडीचा हिशेब तरी असतो. तुमच्या स्पर्धेत हरलं की घरी. तिथं हा फरक भरून काढायला दुसरी संधीच नाही.

मॅटचं तू विचारलं होतंस, तेही बोलते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो मॅटवर. प्रियांका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा आपण दोघी टीव्हीसमोर किती ओरडलो होतो! मॅट सगळीकडे सारखी, म्हणून माती-मुरमाचा प्रश्न सुटेल, असं लोक म्हणतात. सामन्यापुरता सुटेलही. पण सरावाला मॅट आहे कुणाकडं? गावाकडच्या पोरीचा पाय पहिल्यांदा मॅटवर पडणार तो सामन्यातच. आणि आदल्या दिवशी तिथंही दोरी बांधली, तर ती बंदी सगळ्यांत जास्त तिलाच जड जाईल. इथून पुढं मॅटवरच्या स्पर्धा वाढतील तसा तुझा प्रश्न लहान न होता मोठा होत जाणार आहे. म्हणून आत्ताच बोलायला हवं. पुढच्या फेरीची संधी आणि दहावीला क्रीडा सवलतीचे गुण या सामन्यांवर अवलंबून असतात. ‘खेळच तर आहे’ हे आईला म्हणू दे, तू म्हणू नकोस.

आता करायचं काय, ते नीट ऐक. झालेला निकाल बदला, असं मागू नकोस. नियम कुणी मोडला नाही, त्यामुळे ती मागणी टिकणार नाही आणि रडी म्हणून तुमचंच नाव होईल. मागायचं ते पुढच्या वर्षासाठी. मैदान कुठल्या दिवसापासून बंद हे स्पर्धेच्या परिपत्रकातच छापलं जावं, ऐन वेळी दोरी बांधून कळू नये. त्या दिवसापासून यजमान संघालाही ते बंद. आणि सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्या टाकून प्रत्येक संघाला दहा-दहा मिनिटं, यजमानांची पाळी शेवटी. दहा मिनिटांत मैदान उखडत नाही. खांबाला हात लावून होतो, दोन वेळा वळून होतं, जमीन ओली की कोरडी ते कळतं. अर्ज तू लिही, सह्या सगळ्या मुलींच्या घ्या, पण तो मुख्याध्यापकांमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं जाऊ दे. स्पर्धेआधी संघ व्यवस्थापकांची बैठक होते, तिथंही सरांना हे बोलायला लावा. सर सुरुवातीला नको म्हणतील. त्यांना हरलेल्या सामन्याचं काही सांगू नकोस, नुसतं विचार: आपल्या शाळेकडं स्पर्धा आली, तर आपण बाहेरच्या मुलींना दहा मिनिटं देणार ना? देणार असलो तरच आपल्याला मागायचा हक्क आहे. तुम्ही यजमान असताना सवलत सोडायची तयारी आधी तुमच्या मुलींकडून वदवून घे.

आणि एक, लपून सराव मुळीच करायचा नाही. अंधार पडल्यावर दोरीखालून आत शिरलेल्या संघाची गोष्ट तू कौतुकानं सांगत होतीस, ते मला आवडलं नाही. त्यांनी जे मिळवलं ते दुसऱ्या बाहेरगावच्या मुलींच्या वाट्याचं होतं, म्हणजे तुमच्याच.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. तुझे हात शाळेतल्या एकाच खांबाला सरावलेत. सरांना सांगून रविवारी परतूरला, कधी मंठ्याला मैत्रीचे सामने ठेवा, वेगवेगळे खांब हाताखालून जाऊ द्यात. सामन्याला गेलात की आपली पाळी यायच्या आधीचा सामना गप्पा न मारता बघा: कुठल्या चौकोनाशी मुली घसरतात, कुठल्या खांबाशी वळताना हात सुटतो. दोरीच्या बाहेरून बघायला कुणाची मनाई नाही.

अर्जाचा मसुदा तू कर, मी शुद्धलेखन तपासून देते. रविवारी फोन करते, तेव्हा वाचून दाखव. आणि आईला सांग, पोरगी रात्री उशिरापर्यंत लिहीत बसली तर दिवा बंद करू नकोस.