झूम घ्यायची की प्राईम? आधी खोली मोजा, मग लेन्स घ्या

प्रॉडक्ट फोटोच्या व्हिडिओत वेळ कमी पडला होता, म्हणून लेन्सचा विषय इथे नीट लिहून देतोय. वही, पेन आणि मोजायची टेप घेऊन बसा. टेप का, ते पुढे कळेल.

सुरुवात एका ताईंच्या प्रश्नाने करतो. आमच्या बॅचला त्या येतात. घरी शिवलेल्या नऊवारी विकतात. क्लास संपल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, भिशीचे पंधरा हजार आलेत. त्यातले दहा ५० ची प्राईम लेन्स घ्यायला ठेवलेत. सगळे म्हणतात, ही घेतली की फोटो एकदम प्रोफेशनल येतात. घेऊ का?"

मी विचारलं, "ताई, फोटो कुठे काढता?" म्हणाल्या, "घरीच, दहा बाय बाराच्या खोलीत."

मी म्हटलं, "मग थांबा. आधी हिशोब करू."

आधी दोन शब्द समजून घ्या

झूम लेन्स म्हणजे रिंग फिरवली की जवळ-लांब होते ती. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ही झूमच. प्राईम म्हणजे एकाच आकड्याची: ३५ म्हणजे ३५, ५० म्हणजे ५०. फ्रेममध्ये जास्त काही घ्यायचं असेल तर तुम्ही स्वतः मागे जायचं. लेन्स हलणार नाही, तुमचे पाय हलणार!

आणि माझी चूक इथेच झाली होती. दुकान टाकलं त्या वर्षी मी ५० ची प्राईम घेतली. दुकान दहा बाय चौदा. पुतळ्याला कुर्ती घातली, कॅमेरा लावला, तर फ्रेममध्ये गळा ते गुडघा एवढंच. मागे सरकत सरकत मी शटरच्या बाहेर, रस्त्यावर! ट्रायपॉड रस्त्यात, मागून गाड्यांचे हॉर्न, गिऱ्हाईक आत जायला वाट मागतंय. चार दिवस केलं आणि सोडून दिलं. लेन्स आठ महिने डब्यात पडून होती, शेवटी निम्म्या किमतीत विकली. लेन्स उत्तम होती. माझ्या दुकानाला ती बसत नव्हती, एवढंच.

टेपचा हिशोब

हे सूत्र वहीत लिहा:

फ्रेमची उंची (फूट) × लेन्सचा आकडा ÷ २४ = वस्तूपासून कॅमेऱ्याचं अंतर (फूट)

हे आपल्याकडे बहुतेकांकडे असणाऱ्या साध्या, एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी आहे, आणि कॅमेरा उभा धरून. कॅननवाल्यांनी २४ ऐवजी २२ घ्या. फुल फ्रेम असेल तर ३६.

पुतळा साडेपाच फुटांचा, वर-खाली थोडी जागा सोडली की फ्रेम झाली ६ फुटांची. आता बघा:

- १८ वर: साडेचार फूट
- २४ वर: ६ फूट
- ३५ वर: पावणेनऊ फूट
- ५० वर: साडेबारा फूट

यात अजून चार फूट मिळवा. पुतळ्याची सावली पडद्यावर पडू नये म्हणून त्याच्या मागे दोन, आणि कॅमेऱ्यामागे तुम्हाला उभं राहायला दोन. म्हणजे ५० साठी खोली हवी साडेसोळा फुटांची. ताईंची खोली बारा! दहा हजार देऊन त्या माझ्यासारख्याच दाराबाहेर गेल्या असत्या.

तुम्ही पर्स, डबे, मसाल्याची पाकिटं विकत असाल तर गणित उलटं होतं. एक फुटाची फ्रेम असेल तर ५० ला दोन-सव्वादोन फूट पुरतात. टेबलावरच्या वस्तूंना ५० मस्त. म्हणजे लेन्स चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. तुमची वस्तू केवढी आणि जागा केवढी, हा प्रश्न आहे.

मग १८ वर ठेवून जवळून काढला तर?

फ्रेममध्ये सगळं बसेल, पण वस्तूचा आकार बिघडेल. साडेचार फुटांवरून छातीच्या उंचीवर कॅमेरा धरला की वरचा भाग कॅमेऱ्याच्या जवळ, पाय त्यामानाने लांब. वरचं मोठं दिसतं, खालचं आखूड. ताईंना एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं होतं, "ही लहान मुलीची नऊवारी आहे का?" साडी पूर्ण मापाची होती हो! फोटोने ती छोटी केली. हा दोष लेन्सचा नसतो, जवळ उभं राहण्याचा असतो. म्हणून जेवढं मागे जाता येईल तेवढं जा आणि कॅमेरा पुतळ्याच्या कमरेच्या उंचीवर ठेवा.

"पण सर, प्राईम जास्त लाईट घेते ना?"

घेते. एफ/१.८ ची प्राईम आणि ५५ वर एफ/५.६ होणारी किट लेन्स यांत प्रकाशाचा फरक नऊ-दहा पट आहे. मागचं धूसरही छान होतं. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. प्रॉडक्ट फोटोत आपल्याला सगळी वस्तू स्पष्ट हवी असते: काठ, पदर, निऱ्या, शिलाई. त्यासाठी आपण एफ/८ च्या आसपास जातो. म्हणजे ज्या १.८ साठी पैसे मोजले, ते वापरलंच जात नाही!

आणि पुतळा काही हलत नाही. ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. शटर कितीही हळू झालं तरी चालतं. प्रकाश कमी असल्याची अडचण तिथेच सुटली.

प्राईम खरी कामाला येते ती माणूस हलत असताना: मॉडेल चालतेय, घरात संध्याकाळी रील काढताय, मागचा पसारा धूसर करायचाय. तुमचं काम असं असेल तर प्राईम घ्या, पैसे वसूल होतील. प्रदर्शन, स्टॉल, कार्यक्रम यांचे फोटो काढत असाल, जिथे गर्दीत मागे-पुढे होता येत नाही, तिथे झूमला पर्याय नाही.

दागिनेवाल्यांनी एक लक्षात ठेवा. ५० च्या साध्या प्राईम ३५ ते ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाहीत. १८-५५ साधारण २५ सेंटीमीटरपर्यंत करते. नथीचा क्लोजअप कित्येकदा किट लेन्सवरच मोठा येतो. त्याहून मोठा हवा असेल तर मॅक्रो लेन्सचा विचार करा, साध्या ५० चा नाही.

ताईंनी काय केलं?

किट लेन्स ३० वर ठेवली. ६ × ३० ÷ २४ = साडेसात फूट, अधिक चार, साडेअकरा. बाराच्या खोलीत बसलं! ३० ची प्राईम शोधत कोण फिरणार? झूमचा फायदा हाच, जागेप्रमाणे आकडा बसवता येतो. रिंग हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली, जमिनीवर ट्रायपॉड आणि पुतळ्याच्या खुणा केल्या. आता प्रत्येक साडी सारख्याच मापाची दिसते. कॅटलॉगमध्ये विश्वास वाटतो तो यामुळेच.

पैशांचा हिशोबही मांडला. एका नऊवारीमागे त्यांना अडीचशे सुटतात. दहा हजारांची लेन्स म्हणजे चाळीस साड्यांचा नफा. बीबीएला आम्हाला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवायचे, तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. दुकान टाकल्यावर कळलं, की डब्यात पडलेल्या लेन्सचे पैसे म्हणजे न भरलेला माल. ताईंनी पडदा आणि ट्रायपॉड घेतला, बाकीच्याचं सणाआधी कापड भरलं.

तुमचा गृहपाठ

१. आठवडाभर आहे त्याच लेन्सवर निदान ५० फोटो काढा.
२. कॉम्प्युटरवर फोटोवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे फोकल लेंथ दिसेल. प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा.
३. बहुतेक आकडे ३५ च्या आसपास असतील तर ३५ ची प्राईम तुमची. ५० च्या आसपास असतील तर ५० ची. आकडे विखुरलेले असतील तर झूमच ठेवा. सगळे १८ वरच असतील तर लेन्स नको, जागा बदला.
४. लेन्सची किंमत भागिले एका नगाचा नफा. जो आकडा येईल तेवढे नग त्या फोटोंमुळे जास्त विकले जातील का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

कुणी सांगतंय म्हणून घेऊ नका, मी सांगतोय म्हणूनही नाही. टेप काय सांगते ते बघा. पुढच्या व्हिडिओत त्याच दहा बाय बाराच्या खोलीत लाईट कसा लावायचा ते दाखवतो. तोपर्यंत मोजून ठेवा. भेटूया!