माशी चावली, सुया कोणी घ्याव्यात?

आपल्या मांडवगण फराट्याला भीमेचे पाणी आहे, ऊस आहे. तेव्हा मधमाशी, गांधीलमाशी चावायचीच. आग होते, सूज येते. कधी बोटाला चावते अन् हात कोपरापर्यंत सुजतो. माणूस घाबरतो. पण ही सूज आठवडाभरात उतरते. हिला सुया नकोत, असे आम्ही सर्वांना सांगतो.

काहींचे मात्र निराळे असते. माशी चावते पायाला, अन् गांधी उठतात सगळ्या अंगावर. घसा आवळतो, धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग चुना चोळत बसू नये. माणसाला आडवे निजवावे, धाप असेल तर टेकून बसवावे. १०८ ला फोन करावा. ॲड्रिनलिनची सुई मांडीत ताबडतोब द्यावी लागते.

ज्या मोठ्या माणसाला एकदा असे झाले, त्याने बरे वाटल्यावर ॲलर्जीच्या डॉक्टरला भेटावे. मधमाशीचा काटा अंगात रुतून राहतो, गांधीलमाशीचा बहुधा राहत नाही. काय दिसले ते सांगावे. डॉक्टर कातडीची किंवा रक्ताची तपासणी करतात. मग बाधणाऱ्या माशीचेच विष कणभर टोचतात, हळूहळू मात्रा वाढवतात. पुढे महिन्या-दीड महिन्याला एक सुई, तीन ते पाच वर्षे. शरीर त्या विषाला सरावते. मधपेटी पाळणाऱ्याला माशी पुन्हापुन्हा चावणार, म्हणून त्याने तर टाळूच नये.

लहान मुलाला नुसत्या गांधी उठल्या, तर या सुया बहुधा लागत नाहीत. तपासणीत दोष दिसला, पण असा त्रास कधी झालाच नाही, त्यालाही नाही. आग्या मोहोळ उठले, शेकडो माश्या डसल्या, तर ती गोष्टच वेगळी. तिथे विषच फार होते. ॲलर्जी असो वा नसो, दवाखान्यात न्यावेच लागते.