सफरचंदाची फोड आणि आपला रंग

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक नेहमी गजबजलेला असतो. माझ्या वर्गातील एका मुलीने या चौकाजवळच्या एका दुकानातून एक डबी आणली. तिच्या बहिणीचा निकाह आठ दिवसांवर आला होता. डबीवर लिहिले होते, "आंबवलेल्या वनस्पतींचा अर्क. सात दिवसांत गोरा रंग." ती मला म्हणाली, "सर, हे तर जडीबुटीचे आहे. लावायला काय हरकत आहे?"

मी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक सफरचंद नेले. त्याच्या दोन फोडी केल्या. एका फोडीला लिंबाचा रस लावला. तास संपेपर्यंत साधी फोड तपकिरी झाली. लिंबू लावलेली फोड मात्र पांढरीच राहिली.

असे का झाले? सफरचंदात एक विकर असते. हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने ते फोडीचा रंग बदलते. लिंबातील आम्ल व क जीवनसत्त्व ही क्रिया रोखतात. ऑक्सिजनचा असा परिणाम रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात.

आपल्या त्वचेतही अशाच प्रकारचे एक विकर असते. त्याचे नाव टायरोसिनेज. त्याच्या मदतीने त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होते. मेलॅनिन जितके जास्त, तितका रंग सावळा.

वनस्पती आंबवून औषध करणे आपल्या देशात फार जुने आहे. वनस्पतीच्या रसात किंवा काढ्यात गूळ व धायटीची फुले घालून भांडे बंद ठेवतात. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे अशीच तयार होतात. जपानमध्ये १९०७ साली बुरशीने आंबवलेल्या तांदळातून कोजिक आम्ल सापडले. ते टायरोसिनेजचे काम अडवते. म्हणूनच शास्त्रज्ञ आंबवलेल्या अर्कांचा अभ्यास करतात.

पण प्रयोगशाळेत ही चाचणी पुष्कळदा अळंबीतून काढलेल्या टायरोसिनेजवर करतात. अळंबी म्हणजे माणसाची त्वचा नव्हे! काचनळीत जे घडते, ते चेहऱ्यावर घडेलच असे नाही. लिंबाचेच पाहा. ते फोडीला चालते; पण चेहऱ्याला चोळून उन्हात गेलो, तर त्वचा भाजू शकते.

शिवाय डबीत खरोखर काय आहे, हे कोणी तपासले? अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना क्रीम लावल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली. त्यात पारा निघाला. ही बातमी २०२३ साली प्रसिद्ध झाली. पारासुद्धा मेलॅनिन तयार होऊ देत नाही. त्यामुळे चेहरा उजळ दिसतो आणि लोकांचा विश्वास बसतो. पण तोच पारा त्वचेतून शरीरात जातो व मूत्रपिंडे बिघडवतो.

मुलांनो, मेलॅनिन हा डाग नव्हे. ती त्वचेची छत्री आहे. उन्हातील अतिनील किरण ती अडवते. मराठवाड्याच्या उन्हात ही छत्री कोण फेकून देईल?

त्या मुलीने सगळे ऐकले. मग डबी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर कारखान्याचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, घटकांची यादीही नव्हती. तिने ती माझ्या टेबलावर ठेवली. निकाहाच्या दिवशी ती साधा चेहरा धुऊन, हातांना मेंदी लावून आली होती. बहिणीइतकीच तीही आनंदात होती.

शब्दार्थ
आंबवणे – खमीर उठवणे
विकर – शरीरातील क्रिया घडवून आणणारा पदार्थ
त्वचा – कातडी, जिल्द
मूत्रपिंड – गुर्दा
अळंबी – मशरूम

स्वाध्याय
१. लिंबू लावलेली फोड पांढरी का राहिली?
२. मेलॅनिनला छत्री का म्हटले आहे?
३. कोणतेही क्रीम घेताना डबीवर काय काय पाहाल? पाच वाक्ये लिहा.