हप्ता, रोजगार आणि भांडवल बाजार

लखनौच्या चिकनकारीला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे भरतकाम प्रामुख्याने स्त्रिया घरी बसून करतात व त्यांना नगावर मजुरी मिळते. व्यापाऱ्याकडे मागणी असेल तर काम आणि काम असेल तर मिळकत. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा ठरलेल्या तारखेलाच येतो. या विसंगतीचे पडसाद थेट भांडवल बाजारापर्यंत उमटतात.

कर्जदाराच्या दृष्टीने जे देणे, ते बँकेच्या ताळेबंदात मालमत्ता असते. रोजगार घटला की हप्ते थकतात. थकबाकी नव्वद दिवसांहून अधिक झाली की ते कर्ज अनुत्पादक ठरते. मग नफ्यातून तरतूद करावी लागते, नफा घटतो आणि समभागाचा भाव उतरतो. लखनौत मुख्यालय असलेली सोनाटा फायनान्स ही सूक्ष्मवित्त कंपनी मार्च २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेच्या मालकीची झाली. या बँकेच्या समभागांची शेअर बाजारात खरेदी-विक्री होते. साहजिकच छोट्या कर्जांचे छोटे हप्तेही गुंतवणूकदारांच्या हिशेबात आले.

विनातारण कर्जे वेगाने वाढू लागल्याने रिझर्व्ह बँकेने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी बँकांच्या वैयक्तिक कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला. गृह, शिक्षण, वाहन व सोनेतारण कर्जे यातून वगळण्यात आली. याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. किमान भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण ९ टक्के धरल्यास एक लाख रुपयांच्या कर्जामागे पूर्वी ९,००० रुपये भांडवल लागे, ते आता ११,२५० रुपये लागू लागले. दुसऱ्याच दिवशी अनेक बँका व वित्त कंपन्यांचे समभाग घसरले. एकही हप्ता त्या दिवशी नव्याने थकला नव्हता. बाजाराने पुढील काळाचा अंदाज बांधला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांच्या सूक्ष्मवित्त कर्जांवरील भार पुन्हा १०० टक्क्यांवर आणण्यात आला.

रोजगाराची आकडेवारी बाजार बारकाईने पाहतो, ती याच कारणाने. अमेरिकेत ती दरमहा प्रसिद्ध होताच रोखे व चलनांचे भाव हलतात. भारतातही मे २०२५ पासून श्रमबल सर्वेक्षणाचे मासिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. आजची नोकरी हीच उद्याच्या परतफेडीची हमी होय.

यातून ग्राहकाने घ्यावयाचा बोध साधा आहे. सूक्ष्मवित्ताच्या नियमानुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत. ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. हप्ता ठरविताना भरभराटीचा महिना नव्हे, तर कमी कामाचा महिना हिशेबात धरावा. काम सुटले तर थकबाकी साचण्यापूर्वीच शाखेत येऊन सांगावे. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही कर्ज मंजूर करताना वेतनाच्या रकमेइतकीच त्याची शाश्वती तपासावी. वेळेवर भरलेला हप्ता घराची पत राखतो आणि बँकेचीही.