बाळंतिणीला घरी कधी न्यावं?

प्रश्न : मुलीची सरकारी रुग्णालयात काल नॉर्मल प्रसूती झाली. आजच घरी न्यावं का?

उत्तर : घाई नको. किमान ४८ तास थांबा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ३ दिवस जेवण मोफत आहे, घरी सोडायला गाडीही. तिला लघवी झाली, रक्तस्राव आटोक्यात आहे, बीपी ठीक आहे, एवढं डॉक्टर पाहतीलच. मला काळजी असते ती अंगावर पाजण्याची. बाळ नीट ओढतंय का, हे सिस्टरांना दोन-तीनदा दाखवा. बाळाला शी-शू झालेली हवी. कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते. घरीही उजेडात त्वचा बघत राहा. बाळ दूध ओढेनासं झालं, बाळंतिणीला ताप, अतिरक्तस्राव किंवा तीव्र डोकेदुखी झाली, तर रात्रीसुद्धा १०२ ला फोन करा.