गॅरेजला मालकाचे कुलूप पडले तर

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात आपले पुष्कळ बंधू आहेत. समजा, भाड्याच्या गॅरेजात गिऱ्हाइकाची १९६५ सालची फियाट उभी आहे, तीन महिन्यांचे भाडे थकले आहे आणि एके सकाळी शटरवर मालकाचे कुलूप दिसले. आता काय करावे?

आमचे पहिले सांगणे, कुलूप तोडू नका. उलट तुमच्यावरच फिर्याद व्हायची. थकलेले भाडे हा मालकाचा हक्क आहे, ते चेकने द्यावे. पण त्यापायी भाडेकरूला परस्पर बाहेर काढता येत नाही, ताबा कोर्टामार्फतच घ्यावा लागतो. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे गेलेला ताबा परत मागता येतो. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत हवा. समजुतीच्या बैठकांतच ही मुदत निघून जाते! ‘लीव्ह अँड लायसन्स’वाल्याची बाजू इतकी भक्कम नसते, म्हणून कागद आधी वकिलाला दाखवावा.

गाडीचा प्रश्न वेगळा. ती रहन ठेवलेली नव्हती, तुमच्याकडे ती गिऱ्हाइकाची अमानत आहे. भाड्यापोटी ती अडवणे आम्हाला गैर वाटते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती मूळ रूप टिकले तरच. एक कार्बोरेटर गहाळ झाला तरी तसाच दुसरा कुठे शोधणार? म्हणून गाडी आत घेतानाच फोटो काढावेत, चेसिस नंबर टिपावा आणि आरसी बुक गाडीच्या कप्प्यात न ठेवता घरी ठेवावे.